आरतीच्या पाळ्या आणि तीन भाषा

आरोही दुपारी चाळीस मिनिटं झोपते. माझ्या ओढणीचं टोक तिच्या मुठीत असतं, म्हणून मी तिच्या शेजारीच मांडी घालून, लॅपटॉप उशीवर ठेवून बसते. धारला बीएस्सी केलं, गणितात. मग लग्न होऊन देवासला आले, मग आरोही झाली. नोकरी राहिली ती राहिलीच.

यंदा इथल्या एका संस्थेत बायकांसाठी प्रोग्रॅमिंगची तुकडी निघाली. सहा महिने शिकायचं, शेवटी इंदूरच्या कंपन्यांच्या मुलाखती. फॉर्मवर एकच भाषा लिहायची, मागाहून बदल नाही, आणि तीन आठवड्यांनंतरचा शनिवार शेवटचा. माझ्याकडेही सहाच महिने होते. फाल्गुनात शैलावन्संचं बाळंतपण. त्यांना सासू नाही, म्हणजे माझ्या सासूबाई, माई, धामनोदला जाणार. तोवरच आरोहीजवळ बसायला घरात कोणी होतं. भाषा चुकली तर दुसरी शिकायला दुपारी कुठून आणायच्या?

सल्ले भरपूर मिळाले. माझा भाऊ शंतनू फोनवर म्हणाला, "ताई, पायथन. डोळे मिटून." माझ्या नवऱ्याच्या, अजेयच्या कारखान्यातले चिरागभिया चहाला आले होते. त्यांचं म्हणणं, "भाभी, जावा के बिना बड़ी कंपनी में कोई पूछता नहीं." अजेयला विचारलं तर तो म्हणाला, "जी लवकर संपेल ती घे."

"भाषा कधी संपते का रे?"

"माझी मराठी चौथीतच संपली ना!"

तेव्हा ठरवलं, आपणच बघू. पायथन, जावा आणि फॉर्मवरची तिसरी, जावास्क्रिप्ट. एकेकीला एक आठवडा, आणि तिघींना काम एकच: आमच्या कॉलनीतल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या आरतीच्या पाळ्या लावायच्या. दहा दिवस, सकाळ-संध्याकाळ, वीस घरं. दर वर्षी यावरून रुसवेफुगवे होतात.

जावाचा अर्धा आठवडा इन्स्टॉल करण्यातच गेला. तारखांपाशी पोचेपोचेतो आरोही उठायची. पायथनमध्ये दोन दुपारींत यादी तयार झाली, इतकी सहज की मलाच संशय आला. जावास्क्रिप्टने रडवलं, पण शेवटी यादी ब्राउझरमध्ये छान पानासारखी उघडली. गुरुवारी मी तिची लिंक मंडळाच्या ग्रुपवर टाकली. खोटं कशाला सांगू, जरा मिरवावंसं वाटलं होतं.

अर्ध्या तासात मंडळाच्या चिटणिसांचा, मानसिंगरावांचा फोन.

"सूनबाई, यादी सुरेख झालीय. पण सोमवारची स्थापनेची आरती राजवर्धनकडे?"

"हो काका. का?"

"अहो, त्यांना सुतक आहे ना! सोमवारी दहावा दिवस."

राजवर्धनभावजींचे सख्खे काका गेले होते. मंगळवारी मी स्वतः माईंबरोबर त्यांच्याकडे भेटायला, इकडच्या बोलीत 'बैठने', गेले होते, त्यांच्या बैठकीत खाली मान घालून बसले होते. आणि दोन दिवसांनी त्यांच्याच घराला आरतीला उभं केलं. ग्रुपवर कोणीतरी लिहिलं, "भिया, मशीन को भी बैठने ले जाते." खाली हसणारे चेहरे. त्याखाली भावजींचं एकच वाक्य, "आमच्याकडून यंदा क्षमा असावी."

"काढून टाक ती लिंक," अजेय म्हणाला. "काका हाताने लिहितील. एवढं काय!"

काढली. वीस घरं ज्या बाईला लावता येत नाहीत, तिला कोण नोकरी देणार? फॉर्मचा कागद मी कपाटात, साड्यांखाली सरकवला.

शुक्रवारी दुपारी आरोही झोपली तरी मी लॅपटॉप उघडला नाही. माई चष्मा लावून शेजारी येऊन बसल्या.

"तुझ्या त्या यंत्राला सुतक कुणी सांगितलं होतं?"

"कुणीच नाही."

"मग त्याने काय करावं बापडं? सांग की त्याला. घे लिहून. एका कुळातलं माणूस गेलं तर दहा दिवस, अकराव्याला मोकळे. सासरी दिलेल्या लेकीला तीन. घरात मूल झालं तर सोयर, तेही दहा. आणि सुतक आहे म्हणून घर गाळायचं नाही हो, पुढची पाळी द्यायची. गाळलं की माणसं दुखावतात."

"माई, हळू!"

त्या सांगत होत्या आणि मी ऐकतच राहिले. असं असेल तर हे, तसं असेल तर ते, नाहीतर पुढे चला. आयुष्यभर माई अटीच तर लिहीत आल्या होत्या.

आधी पायथन उघडली. चार ओळींत नियम बसले.

"बघू," म्हणून माईंनी त्यांचा फोन पुढे केला.

"फोनवर नाही दिसायचं माई. ते इथेच, या काळ्या खिडकीत."

"मग मानसिंगरावांना आपल्या घरी बोलावणार का बघायला?"

मग जावास्क्रिप्ट. एक कंस चुकला, पान दोनदा कोरं झालं. आरोही उठली, तिला मांडीवर घेऊन एका हाताने टाइप केलं, तिनेही मधे दोन अक्षरांची भर घातली, ती पुसली. आणि माईंच्या फोनवर यादी उघडली. राजवर्धनभावजींचं घर गुरुवारच्या संध्याकाळी, स्थापनेला आता दुसरं घर. माईंनी वीसच्या वीस नावं बोट ठेवून वाचली, लिंक लगेच शैलावन्संना पाठवली, मग ग्रुपवर. "सूनबाईने दुरुस्त केलंय," एवढंच लिहिलं.

संध्याकाळी शंतनूला कळवलं.

"अगं, पायथन सोपी गेली होती ना तुला?"

"गेली रे. पुढे तीही शिकेन. पण मला असं काम करायचंय जे माईंच्या फोनवर उघडतं."

शनिवारी आरोहीला कडेवर घेऊन संस्थेत गेले. टेबलापलीकडच्या मॅडमनी फॉर्म बघितला. "जावास्क्रिप्ट? सोच लिया ना? बाद में बदलेगा नहीं."

"सोच लिया."

"पहले कुछ बनाया है?"

मी फोन पुढे केला. त्यांनी यादी वर-खाली सरकवली, मग एका नावावर बोट दाबलं. काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं.

"यहाँ तो फोन नंबर खुलना चाहिए न?"

"हौ," मी म्हणाले, आणि घाईत हिंदी विसरूनच गेले. "आज दुपारी करते."

मॅडम हसल्या आणि त्यांनी फॉर्मवर शिक्का मारला.