रस्त्यावरून दिसलेले घर

स्टॉकटनमधले ते एकमजली घर नेनिता अग्बायानीने एक लाख बेचाळीस हजार डॉलरला मागितले, तेव्हा बँकेने नकार दिला. अकरा आठवड्यांनी त्याच बँकेने तेच घर लिलावात एक लाख अकरा हजारांना विकून टाकले.

"बँका वेड्या झाल्यात," दलाल डॅरेल प्रुइट म्हणाला. "त्यात अर्थ शोधू नकोस, डोकं फुटेल."

टोमॅटोच्या कारखान्यातील प्रयोगशाळेत रसाची आम्लता मोजण्यात नेनिताची सोळा वर्षे गेली होती. आकडा चुकला की त्यामागे कारण असते, वेड नव्हे, असा तिचा अनुभव होता.

त्या वर्षी गल्लीतली निम्मी घरे अशाच रीतीने विक्रीला होती. कर्ज घराच्या किमतीहून मोठे. मालकाने गिऱ्हाईक आणायचे आणि तुटीचा सौदा बँकेने मान्य करायचा. मालक वेन्डेल क्रॅबट्री छपरे शाकारण्याचे काम करी. दोन वर्षे बेकार होता आणि बहिणीच्या दिवाणखान्यात झोपत होता. त्याने लगेच सही केली. "मला यातून छदाम मिळणार नाही, बाई. पण जप्तीचा डाग चुकला तर कोणी भाड्यानं खोली तरी देईल."

नेनिताला ते घर वडिलांसाठी हवे होते. पक्षाघातानंतर क्रिस्पिन अग्बायानींना दुसऱ्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाचा जिना उतरायला वीस मिनिटे लागत.

बँकेचे उत्तर यायला महिने लागणार होते, आणि ओस घरांतले तांब्याचे नळ चोर उपटून नेत. वावर दिसला तर चोर फिरकत नाहीत, हे तर्काला धरून होते. वेन्डेलची परवानगी काढून, पाण्याचे बिल स्वतः भरून, नेनिता कामावर जाताना वडिलांना, तिच्या तातांगांना, त्या अंगणात खुर्चीवर बसवू लागली. हातात पाण्याची नळी.

"आत पाऊल टाकायचं नाही हं, तातांग. स्वयंपाकघराचं छत कधी खाली येईल नेम नाही. आणि हे घर अजून आपलं नाही."

"गवताला कुठं ठाऊक असतं ते कोणाचं आहे?" तातांग म्हणाले. उमेदीची तीस वर्षे त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांत शतावरी कापली होती. महिन्याभरात गवत हिरवेगार झाले आणि कुंपणावर कारल्याचा वेल चढला.

जूनमध्ये नकार आला. पाणी थांबले, गवत वाळले, तिसऱ्या आठवड्यात नळ गेले. लिलावात रोख पैसे लागतात. नेनिताकडे होती ती कर्जाची मंजुरी. वेन्डेलला डाग लागला. बहिणीने दिलेली मुदत संपल्यावर तो गाडीत झोपू लागला, असे डॅरेलच्या बोलण्यात आले.

"बँकेनं घराची किंमत ठरवली तो कागद मला हवाय," नेनिताने सांगितले.

"सौदा संपला ग बाई. आता कशाला उकरून काढतेस?"

"तो कागद मिळेपर्यंत मी रोज फोन करीन."

नवव्या दिवशी कागद आला. किंमत: एक लाख एकाहत्तर हजार. तपासणी: बाहेरून. देखभाल: उत्कृष्ट. मालकाचा वावर: आहे. खाली एकच छायाचित्र, चौदा मे, सकाळचे दहा चाळीस. डाव्या कडेला गाडीच्या खिडकीची चौकट आली होती. मधोमध हिरवळ, कारल्याचा वेल, आणि खुर्चीवर टोपी घातलेला एक सुखवस्तू दिसणारा म्हातारा.

"घराचं काही कळलं का ग, पोरी?" तातांगांनी आतून विचारले.

तिने कागद उपडा ठेवला.

किंमत ठरवणारा माणूस गाडीतून उतरला नव्हता. त्याने छत पाहिले नाही. हिरवळ पाहिली आणि त्या हिरवळीची किंमत लिहिली. त्या किमतीपुढे नेनिताचा देकार बँकेला फार कमी वाटला. हिरवळ तातांगांनी राखली होती, आणि त्यांना तिथे बसवणारी नेनिता होती.