एका चाकाने मोजलेली शाळेची वाट

मित्रांनो, मी अंतर मोजणारे एक जुने चाक आहे. लांब दांडा, रबराची धाव आणि आकडे दाखवणारी पेटी, एवढाच माझा देह. कारखान्यातून निघाले ते रस्ते बांधणाऱ्यांच्या हाती पडले. डांबराचे चटके सोसले, पण मोजण्यात चुकले नाही, म्हणून माझे कौतुक होई.

पुढे मला शिक्षण खात्याने नेले. शाळा नुसत्या फळ्या-खडूवर चालत नाही, हे मला तिथे कळले. कायदा सांगत होता, लहान मुलांना घरापासून चालत एक किलोमीटरच्या आत शाळा मिळाली पाहिजे. नियम सांगत होता, मुलांचा पट फार कमी झाला आणि तेवढ्या अंतरात दुसरी शाळा असली, तर छोटी शाळा बंद करावी.

एका वस्तीतली शाळा अशीच बंद व्हायची होती. नकाशावर मोठी शाळा जवळच दिसत होती. खात्याचे साहेब मला घेऊन निघाले. बरोबर मुख्याध्यापिका बाई होत्या आणि मुलीला कडेवर घेतलेली एक आई. मध्येच हमरस्ता आडवा आला. ट्रक सुसाट धावत होते.

"हा ओलांडला की पोचलोच," साहेब म्हणाले.

"मग ओलांडून दाखवा ना, साहेब. तुम्ही गेलात की हिला पाठवते," आई म्हणाली.

साहेबांनी पाऊल टाकले मात्र, कर्कश भोंगा वाजला. ते दचकून मागे सरले आणि मी धुळीत आडवे झाले.

बाई हळूच म्हणाल्या, "कायद्यात चालत जायची वाट म्हटलंय. ही वाट आहे का, तुम्हीच सांगा."

साहेबांनी मला उचलले. "दुसरीकडून जाता येतं?"

"पुलाखालून. पण मोठा वळसा आहे," बाई म्हणाल्या.

"चला तर."

मोठी शाळा दिसायच्या कितीतरी आधी माझ्या पेटीने किलोमीटर ओलांडला.

"वरचे रागावतील," साहेब म्हणाले, "पण मोजलंय तेच लिहिणार."

वस्तीतली शाळा वाचली.

थोड्याच दिवसांत आम्ही दुसऱ्या गावी, अशाच एका छोट्या शाळेसाठी गेलो. तिथली वाट सरळ होती, सावलीची होती. गुरुजींनी हात जोडले, "साहेब, जरा वळसा घालून न्या की."

साहेबांनी मला सरळ वाटेवरच टेकवले. "गुरुजी, तिथं खरं मोजलं, इथं खोटं कसं मोजू?"

ती शाळा बंद झाली. गुरुजींनी स्वतः कुलूप लावले. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, आपण चुकायला हवे होते. योग्य काय झाले असते, हे मला अजून ठरवता येत नाही.

आता अंतरे संगणकाच्या पडद्यावर मोजतात. मी मोडक्या बाकांमागे पडून आहे, धावेला भेगा गेल्या आहेत. माझी काही तक्रार नाही. पण मित्रांनो, उद्या तुमच्यातलेच कोणी नियम करतील, कोणी ते राबवतील. सही करण्याआधी ती वाट एकदा पायांनी चाला. आणि एखाद्या लहान मुलाचा हात धरून, त्याच्या चालीने चाला.