पाय टेकायचा नाही

“क्लच दाब! आता सोड... हळू! हळू म्हणतोय ना!”

परीक्षेच्या मैदानाभोवती तारेची जाळी होती. ती दोन्ही हातांनी धरून मिस्त्री बाहेरून हुकूम सोडत होते आणि आत मोटरसायकलवर बसलेल्या काकू ते एकेक करून पाळत होत्या. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याचं म्हणणं त्यांनी एवढ्या तत्परतेनं कधी ऐकलं नव्हतं.

जमिनीवर पांढऱ्या रंगानं इंग्रजी आठाचा आकडा काढलेला होता. त्यावरून पाय न टेकता गाडी फिरवायची, एवढीच परीक्षा. आपला मराठी आठ असता तर बरं झालं असतं, असं काकूंच्या मनात येऊन गेलं. एकदा वळायचं आणि बाहेर पडायचं. हा इंग्रजी आठ मात्र माणसाला बाहेर पडूच देत नव्हता. तरी पहिलं वेटोळं त्यांनी झकास घेतलं. दुसऱ्याच्या तोंडाशी आल्या आणि जाळीकडून आवाज आला, “डावीकडे घे! डावीकडे!”

पांढरी रेघ तर उजवीकडे चालली होती. पण ह्यांना बाहेरून काहीतरी दिसत असेल, असं म्हणून काकूंनी घेतली डावीकडे.

“ब्रेक मार!”

मारला. गाडी आठाच्या कमरेत उभी राहिली आणि काकूंचा डावा पाय धप्पकन जमिनीवर आला.

परीक्षक साहेब छत्रीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. त्यांना जबर सर्दी झाली होती. नाकावरचा रुमाल न काढताच ते म्हणाले, “दापास.”

“काय?”

“दापास, बाई, दापास! पाय टेकला.”

“अहो, पण त्यांनीच सांगितलं ब्रेक मारायला.”

“कोणी?”

“आमच्या ह्यांनी.”

“परीक्षा कोणाची आहे? तुबची की ह्यांची?”

काकू गाडी ढकलत जाळीपाशी आल्या. मिस्त्रींचा चेहरा नुसता फुलला होता. “वा! काय नेलीस! मी म्हणालो ब्रेक आणि तू ब्रेक! आता पेढे... नाही, आधी चहा घेऊ.”

काकू बघतच राहिल्या. तेवढ्यात शेजारच्या दुसऱ्या आठावरून पिवळ्या शर्टातला एक जाडा गृहस्थ लगबगीनं आला. त्याच्याही डोक्यावर काकूंसारखंच लाल हेल्मेट होतं. त्यानं जाळीतून बोटं घालून मिस्त्रींचा हात धरला. “काका, तुमच्यामुळे पास झालो बघा. चौथी खेप होती माझी. डावीकडे घे म्हणालात आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला.”

तो गेला. मिस्त्री जरा वेळ त्याच दिशेला तोंड करून उभे राहिले. मग त्यांचा चेहरा उतरला आणि पाठोपाठ आवाज चढला. “म्हणजे तू नापास? एवढा घसा फोडून सांगत होतो, तू ऐकशील तर ना!”

खरं काय ते काकूंच्या ओठांवर आलं होतं. पण त्यांनी ते गिळलं. “घाबरले हो मी,” त्या म्हणाल्या.

मिस्त्री शिलाई मशीन दुरुस्त करायचे. दुकान नव्हतं. सगळा धंदा मोटरसायकलवर, घरोघरी. लग्न झाल्यावर काकू नुसत्या हत्यारांची पिशवी धरायला मागे बसत. मग हळूहळू पिशवीतली हत्यारं त्यांच्या हातात आली. शटल खोलायचं, अडकलेला दोरा काढायचा, टाका सुटत असेल तर सुई बघायची, असं करता करता निम्मं काम त्या करू लागल्या. लोक त्यांनाच ‘मशीनवाल्या काकू’ म्हणायला लागले तेव्हा मिस्त्रींनी दोन दिवस अबोला धरला होता.

मग मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मधोमध डाग धरला. डॉक्टर म्हणाले, कडेचं दिसत राहील, समोरचं दिसणार नाही. समोरचं न दिसणाऱ्या माणसानं मोटरसायकल चालवू नये हे सांगायला खरं तर कोणी लागत नाही. मिस्त्रींना लागलं. एक दिवस काकू घरी तापानं पडल्या असताना ते एकटेच कामाला गेले आणि गिऱ्हाइकाच्या घराऐवजी चुकून शेजारच्या फाटकात शिरले. “मशीन कुठंय?” त्यांनी विचारलं. त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी त्यांना न्हाणीघरात नेऊन कपडे धुण्याचं मशीन दाखवलं. तेही बंदच होतं म्हणा. मिस्त्रींनी त्यावर हात फिरवला, बाहेर आले आणि गाडी ढकलत घरी आणली. त्या दिवसापासून किल्ली खिळ्याला लागली.

बसनं हा धंदा होत नाही. मशीनचं डोकं मांडीवर घेऊन बसलं की कंडक्टर विचारतो, ह्याचं तिकीट काढलं का. आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या ताई, ज्यांच्याकडे मशीनची अख्खी रांग होती, त्यांच्या वस्तीकडे बसच जात नव्हती. म्हणून काकूंनी मिस्त्रींची जुनी विजार घातली, पट्टा करकचून आवळला आणि त्या शिकायला लागल्या.

पहिल्यांदा नापास झाल्यावर सराव दुप्पट झाला. लाकडाच्या बंद पडलेल्या वखारीच्या अंगणात मिस्त्री मध्ये उभे राहत आणि काकू भोवती फिरत. मिस्त्रींनी मंत्र दिला होता : पाय टेकायचा नाही. काकू तो भांडी घासताना म्हणत, आंघोळ करताना म्हणत. फेरी संपली की मिस्त्री आवाजाच्या रोखानं पुढे येत आणि हँडल धरून गाडी थांबवत.

परीक्षेच्या सकाळी काकू म्हणाल्या, “तुम्ही आज घरीच थांबा.”

“का?”

खरं कारण सांगता येत नव्हतं. “तुम्ही बघत असलात की मला लाजल्यासारखं होतं.”

“आता? या वयात?” मिस्त्री म्हणाले. पण ते इतके खूश झाले की खरंच घरी थांबले, आणि वर दाढीही केली.

त्या दिवशी काकूंनी आठ असा काढला की साहेब खुर्चीत सरळ होऊन बसले. पहिलं वेटोळं, दुसरं वेटोळं, रेघेवरून चाक हललं नाही. साहेबांनी हात दाखवला : थांबा. काकू थांबल्या. गाडी थांबली. पाय काही टेकला नाही. थांबल्यावर पाय टेकायचा असतो हे मिस्त्रींनी शिकवलंच नव्हतं, कारण हे शिकवावं लागतं असं कोणाच्या स्वप्नातही येत नाही. आणि हँडल धरायला पुढे कोणी नव्हतं. गाडीनं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि काकूंना घेऊन सावकाश, अगदी अदबशीरपणे, साहेबांच्या स्टुलावर आडवी झाली. स्टुलावर चहा होता.

साहेबांनी शर्ट झटकला. “बाई, आता का नाही टेकलात?”

“टेकायचा नाही ना,” काकू आडव्या पडल्या पडल्याच म्हणाल्या.

गुडघा भोपळ्यासारखा सुजला. मुलीचा फोन आला. ती लांब, सासरी असे. “आई, पुरे झालं आता. दोनदा नापास झालीस.”

“तू गणितात तीनदा झाली होतीस.”

“पण मी कोणाच्या अंगावर पडले नव्हते!”

काकूंनी फोन ठेवला आणि मिस्त्रींना म्हणाल्या, “ती गाडी विकून टाका. माझ्यानं होत नाही.” मिस्त्रींनी फक्त गाडीचं वाकलेलं हँडल चाचपून चाचपून सरळ केलं. मग दिवस नुसते जात राहिले. काकू बसनं जवळपासची दोन-चार कामं करत, लंगडत परत येत. फोन कमी झाले. जे येत ते मिस्त्री घेत आणि कोणाचा होता हे सांगत नसत.

एके दिवशी पहाटे काकूंना गाडीच्या आवाजानं जाग आली. त्या तशाच अंगणात धावल्या. गाडी स्टँडवर उभी होती, इंजिन चालू होतं आणि वर मिस्त्री बसले होते. डोक्यात हेल्मेट, खांद्याला हत्यारांची पिशवी.

“अहो, कुठं निघालात?”

“कुठं नाही. गाडी तापवतोय. उभी राहून बिघडते.”

“मग हेल्मेट कशाला?”

काकूंनी हात लांब करून किल्ली फिरवली. एकदम शांत झालं.

“गणवेशवाल्या ताईंचा फोन होता काल,” मिस्त्री म्हणाले. “मशीनं बंद पडलीत. दुसऱ्या कोणाला बोलावू का म्हणाल्या. मी म्हटलं, नको, येतो. सवयीनं निघून गेलं तोंडातून.” त्यांनी हेल्मेट काढून मांडीवर ठेवलं. “स्टँड काढणार होतो. मग वाटलं, फाटक उघडं आहे की लावलंय, तेच दिसत नाहीये.”

काकूंनी फाटकाकडे बघितलं. कडी लावलेली होती.

“पहिल्या परीक्षेला,” मिस्त्री म्हणाले, “मी भलत्याच गाडीला सांगत होतो ना?”

काकू पायरीवर टेकल्या. “तुम्हाला कधी कळलं?”

“तो पिवळा आभार मानायला आला तेव्हाच.”

“तेव्हाच? मग मला का ओरडलात?”

“मग काय त्याला ओरडू? तो पास झाला होता.”

काकूंना राग यायला हवा होता. आधी हसूच आलं. ते दाबायला गेल्या तर नाकातून बाहेर पडलं. मिस्त्रीही हसायला लागले आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले, ते जरा जास्त वेळ पुसत राहिले. काकूंनी तिकडे पाहिलं नाही. गुडघा दाबत त्या उठल्या. “विजार कुठं टाकलीत माझी?”

“माझी,” मिस्त्री म्हणाले. “दोरीवर आहे.”

“आज परीक्षेचा वार आहे. तुम्हीही चला. पण तोंड उघडलंत तर बघा.”

मैदानाबाहेर बाक होता. मिस्त्री त्यावर मैदानाकडे पाठ करून बसले. पिशवी मांडीवर, ओठ घट्ट मिटलेले. काकूंना बघताच साहेबांनी आपला चहा आधी खुर्चीमागे नेऊन ठेवला.

काकू निघाल्या. जाळीकडून आवाज नव्हता. पहिल्या वळणाला कान त्या आवाजाची वाट बघत होते. दुसऱ्या वळणाला क्लच जरा लवकर सुटला, गाडीनं गचका खाल्ला, पाय खाली जाऊ लागला. “नाही,” काकू स्वतःलाच मोठ्यानं म्हणाल्या. पाय वर गेला. रेघ पुढे सरकत राहिली. इकडे जायचं की तिकडे हे रेघच दाखवत होती, आणि ती काकूंना स्वच्छ दिसत होती.

साहेबांनी हात दाखवला. काकूंनी गाडी थांबवली आणि ती कलायच्या आत घाईघाईनं विचारलं, “टेकू?”

“टेका, बाई, टेका!” साहेब खुर्चीवरून उठून दोन पावलं मागे सरकले. “टेका आणि जा एकदाच्या. पास आहात.”

काकू बाकाशी आल्या तेव्हा मिस्त्री पाठमोरेच म्हणाले, “दुसऱ्या वळणाला क्लच लवकर सोडलास.”

“ती मीच होते कशावरून?”

“आपल्या गाडीचा आवाज आहे तो. पास?”

“पास.”

मिस्त्रींनी मान डोलावली. वा नाही, पेढे नाहीत. उठले आणि सवयीनं हँडलकडे गेले. सीटवर टांग टाकायला पाय उचलला, तसाच खाली ठेवला. “मागे ना,” ते म्हणाले. “माहितीय मला.”

मागे बसायची त्यांना कधी वेळच आली नव्हती. हात कुठे ठेवावेत ते कळेना. आधी ते गुडघ्यांवर ठेवले, मग सीटमागच्या कडीला धरलं, शेवटी पिशवीला मिठी मारून बसले. पहिल्या चौकात “उजवीकडे” म्हणाले. काकू उजवीकडेच वळत होत्या. दुसऱ्या चौकात त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढे मोठ्या रस्त्यावर ट्रक जवळून गेला तेव्हा त्यांचा एक हात पिशवीवरून सुटला आणि काकूंच्या खांद्यावर येऊन राहिला.

ताईंच्या दारात काकूंनी गाडी थांबवली. पाय टेकला. किल्ली फिरवली. मिस्त्री ताठ बसूनच होते.

“उतरा. आलं.”

“आलं?” त्यांनी मान आधी या बाजूला, मग त्या बाजूला वळवून बघितलं. “मला वाटलं, नाल्यावरचा पूल यायचाय अजून.”

“तो मघाशीच गेला.”

मिस्त्री उतरले, हेल्मेट काढलं, केस बसवले, कॉलर सरळ केली आणि पिशवी खांद्याला अडकवली. आतून ताईंची हाक आली, “आले का मिस्त्री?”

“आलो, आलो!” त्यांनी आपल्या नेहमीच्या खणखणीत आवाजात सांगितलं. पण पाऊल काही उचललं नाही. पुढे ओटा होता आणि ओट्याला पायऱ्या होत्या. हात त्यांनी मागितला नाही. मान किंचित कलती करून ते उभे राहिले.

काकू पुढे झाल्या आणि चपला जरा जास्तच वाजवत पायऱ्या चढू लागल्या.