सवत दारात, मी शेडात

मी बोलतेय. हो, मीच. शेडात शेंगांच्या पोत्यांआड उभी असलेली ती लहानखुरी राखाडी गाडी. तुम्ही आत येताना आधी दारातल्या उंच पांढऱ्या गाडीकडे बघितलंत, ते मला दिसलं. सगळे तिच्याकडेच बघतात. बघा, डोळे भरून बघा. ती माझी सवत.

गाडीला कुठली आलीय सवत, असं म्हणाल. अकरा वर्षं एका घराचं केलं आणि एक दिवस दुसरी आणून दारात उभी केली, तर तिला दुसरं काय म्हणायचं?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. ज्यांनी मला कागदावर काढलं ते शिकलेले लोक. पण त्यांच्यापैकी एकही जण साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन माझ्यात बसला नसणार. नाहीतर काचांची बटणं दोन सीटांच्या मधे, गिअरच्या मागे, चाचपडावं लागेल अशा जागी बसवली नसती. मागच्या काचा अर्ध्याच उतरतात. बाटलीसाठी खळगा आहे, पण त्यात तांब्या मावत नाही. डिकीचा उंबरठा इतका उंच की साखरेचं पोतं आधी छातीपर्यंत उचलायचं आणि मग आत सोडून द्यायचं.

पण खरी पंचाईत त्या दोन खटक्यांची. स्टिअरिंगखाली, उजव्या गुडघ्याजवळ, एकाला लागून एक, एकाच मापाचे, दोन्ही काळे. एक ओढला की पेट्रोलचं झाकण उघडतं, दुसरा ओढला की बॉनेट. कोणता कुठला, हे माझ्या मालकांना आजतागायत कळलेलं नाही.

मालक म्हणजे गुरुपादअप्पा. घाटनांदूरच्या बाजारपेठेत त्यांचं किराणा दुकान. हळदीचा भाव झोपेत विचारला तरी सांगतील, पण पंपावर गेले की हमखास बॉनेटचाच खटका ओढणार. पंपावरची अंजू हातात नळी धरून विचारायची, "आप्पा, पेट्रोल टाकायचंय का इंजन दाखवायचंय?" मागच्या रांगेतले लोक हसायचे. अप्पा खाली उतरायचे, बॉनेट आपटायचे आणि घरी जाईपर्यंत गप्प बसायचे.

यावर तोड काढली शिवम्माबाईंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोने. त्यांनी पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि पेट्रोलच्या खटक्यावर एक लाल टिकली चिकटवली. "लाल तेवढा वढायचा. दुसऱ्याला हात लावायचा न्हाई," असं नवऱ्याला बजावलं. मग स्वतःच्या काचेच्या बटणावर एक हिरवी लावली. माझ्या अंगावर कुणी काही हौसेने घातलं असेल, तर त्या दोन टिकल्या. बाकी सीटवरचं प्लास्टिक दोन वर्षं काढलं नव्हतं. वळण आलं की शिवम्माबाई त्याच्यावरून घसरत दारापर्यंत जायच्या. पण गाडी नवी दिसली पाहिजे ना!

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही धर्मापुरीला जायचो. आईवडील गेल्यावर तिथली थोरली बहीण मनकर्णा हेच शिवम्माबाईंचं माहेर. अर्ध्या तासाची वाट. आधी जुन्या देवळात दर्शन, मग बहिणीच्या हातचं जेवण. दोघी बहिणी माझ्या बॉनेटला टेकून बोलत राहायच्या. ऊन अंगावर यायचं तरी त्यांना कळायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीला लेक शिवानी घरी आली होती. तिने आईला मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मोकळ्या मैदानावर गाडी शिकवली. आठ दिवसांत मी किती वेळा बंद पडले असेन, त्याची गणती नाही. "आई, क्लच हळू सोड. ते काय मुंगळ्यानं धरलाय व्हय पाय?" शिवानी ओरडायची. पण शिवम्माबाई शिकल्या. अंबाजोगाईला जाऊन लायसनही काढलं. ते बघून थोरला मुलगा केदारनाथ हसला होता. "आई, आता कुठं जायचंय तुला?" ते लायसन देवघरात भस्माच्या डब्याखाली गेलं आणि तिथेच राहिलं.

मग ती आली.

केदारनाथला पंचायत समितीचं तिकीट हवंय. त्यासाठी दोन वर्षं तो एका मोठ्या साहेबांच्या मागे फिरतोय, आणि साहेबांच्या मागे फिरायला माझ्यासारखी गाडी चालत नाही. म्हणून ही. हिला चावी लागत नाही, बटण दाबलं की सुरू. हिला मागचं दिसतं, पाठीला डोळा आहे म्हणे. काचांची बटणं दारावर, हाताशी. तांब्याच काय, कळशी ठेवाल एवढे खळगे. ती शेडात मावेना, तर शेड लहान ठरली. मी मावत होते, तर मी लहान ठरले. मागच्या वर्षीच्या दसऱ्याला पहिला नारळ तिच्यापुढे फुटला. झेंडूचा हार तिला, भस्माचे तीन पट्टे तिच्या कपाळावर. मला उरलेल्या फुलांतली दोन मिळाली, तीही वायपरखाली खोचून.

मी जळले. खोटं कशाला बोलू? दारातल्या लिंबावरच्या चिमण्यांनी तिचा टप घाण केला की मला बरं वाटायचं. पेठेतल्या बोळात तिचा आरसा फुटला, तेव्हा मी दिवसभर खुशीत होते.

पण माझी खरी आग निराळीच होती. ती आल्यापासून दहा महिने झाले, शिवम्माबाई धर्मापुरीला गेल्या नव्हत्या. विचारलं की केदारनाथचं ठरलेलं उत्तर, "आई, आज साहेबांसंगं कडा गावाला जायचंय. गाडी मोकळी झाली की जाऊ." गाडी कधी मोकळी होत नसे. अप्पा एकदा म्हणाले, मी नेतो हिला लहान गाडीत. तर केदारनाथ म्हणाला, "दारात एवढी गाडी असताना डबड्यात बसून जायचं? लोक काय म्हणतील?" डबडं म्हणजे मी. तिकडे मनकर्णाबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना येता येत नव्हतं. दोघी फोनवर बोलायच्या आणि फोन ठेवल्यावर शिवम्माबाई ओट्यावर बसून राहायच्या. सवतीने दारातली जागा घेतली, हार घेतला, एक वेळ सोसलं असतं. पण तिने माझा सोमवार घेतला, आणि त्याचं तिला काही करायचंही नव्हतं.

श्रावणात केदारनाथने मला विकायचं ठरवलं. अंबाजोगाईचा तानाजी टेलर बघायला येणार होता. आदल्या दिवशी मला धुवायला नेलं. इतक्या महिन्यांनी अंगाला पाणी लागलं म्हणून मी हरखले, आणि तेवढ्यात धुणाऱ्याने ताठ ब्रश घेऊन दोन्ही टिकल्या खरवडून काढल्या. त्याला वाटलं, लहान लेकरांनी चिकटवल्यात.

सोमवारी सकाळी तानाजी आला. केदारनाथ साहेबांना आणायला निघालेला. तो जाता जाता वडिलांना म्हणाला, "आप्पा, तुमीच दाखवा. आज गेली तर गेली, न्हाईतर उद्या भंगारवाल्याला बोलावतो. जागा अडवून बसलीय."

भंगारवाला हा शब्द ऐकल्यावर मी काय काय नवस केले ते सांगत नाही. विकलं जायचं नव्हतं, आणि नको म्हणवून घ्यायचंही नव्हतं.

तानाजी म्हणाला, "टाकीचं झाकण उघडा बरं, गंज बिंज हाय का बघू." अप्पा आत बसले. दोन काळे खटके. टिकली नाही. त्यांनी ओढला, आणि अर्थातच बॉनेट उघडलं. ओशाळून त्यांनी ते नुसतं हाताने दाबलं, नेहमीसारखं आपटलं नाही. मग तानाजीने स्वतः मला रस्त्यावर काढलं. पहिल्याच गतिरोधकाला बॉनेट धाडकन उचललं गेलं. आतल्या आकड्याने धरलं म्हणून वाचलो, नाहीतर ते काचेवरच आलं असतं. तानाजी घामाघूम होऊन माघारी आला.

"आप्पा, गाडीत खोट हाय. असली गाडी लेकराबाळांच्या घरात का म्हनून न्यावी मी?"

ओट्यावर शिवम्माबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी सूप बाजूला सारलं, घरात गेल्या आणि पर्स घेऊन आल्या. सरळ माझं दार उघडून चालकाच्या सीटवर बसल्या. टिकलीचं पाकीट काढलं, एक लाल टिकली पेट्रोलच्या खटक्यावर लावली आणि तो ओढला. झाकण उघडलं.

"गाडीत खोट न्हाई, भाऊ. तिला हात कसा लावावा ते म्हायती पाहिजे. ते बॉनेट आपटा जोरात. हां. आता बसा."

"कोण, मी?" तानाजी म्हणाला.

"तुमीच की. गाडी बघायला आलाव ना? अन् तुमी मागं बसा हो," हे अप्पांना.

अप्पा मुकाट मागे बसले. पायावर पाय, अर्धी काच उघडी. मोंढ्यात शिकलेलं ते पाऊल क्लचवर आलं. मी जीव मुठीत धरला. आज बंद पडले तर माझ्याइतकी करंटी मीच. नाही पडले. बाजारपेठ गेली, रेल्वेचे रूळ गेले. परत वळायची जागा आली, शिवम्माबाई वळल्या नाहीत.

"आक्का, कुठं चाललो आपण?" तानाजीने दाराची मूठ घट्ट धरली होती.

"धर्मापुरीला. सोमवार हाय आज."

रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सोयाबीन. आम्ही मधोमध, तिसऱ्या गिअरमध्ये. चौथा त्यांना शिवानीने शिकवलाच नव्हता. मागून हॉर्न वाजला. मग परत, लांब, गुरं हाकावीत तसा. माझ्या आरशात पांढरं उंच नाक दिसलं. सवत! आत साहेबांना घेऊन केदारनाथ, परळीच्या घाईत. पाठीला डोळा असलेल्या बाईला समोरचं काही ओळखू येईना.

शिवम्माबाईंनी आरशात पाहिलं, पदर सारखा केला आणि साईड दिली नाही.

तो हॉर्न वाजवत राहिला. अखेर त्याने नंबर वाचला असावा, कारण हॉर्न एकदम थांबला आणि अप्पांचा फोन वाजला. "आप्पा, गाडी कोण चालवायलंय?" माझ्या मागच्या सीटवरून अप्पा, जे पंपावरून येताना कधी बोलत नसत, मोठ्याने म्हणाले, "तुझी आई चालवायली. साहेबांना म्हणावं, दम धरा." आणि फोन ठेवला.

धर्मापुरीपर्यंत माझी सवत माझ्या मागे, माझ्याच चालीने आली. अकरा वर्षांत मला याहून मोठा मान मिळालेला नाही.

मनकर्णाबाई काठी टेकत अंगणात आल्या. बहिणीला चालकाच्या दारातून उतरताना बघून त्यांना आधी हसू आलं, मग रडू. तानाजी पोटभर जेवला. हात पुसत अप्पांना म्हणाला, "मला दुसरी दाखवा आप्पा. ही विकाऊ न्हाई. तुमच्याच घरात तुमाला कुणी सांगितलं न्हाई एवढंच."

तर मी अजून शेडात आहे. बाजूची पोती हलली आहेत, मला निघायला वाट ठेवलेली असते. केदारनाथ अजून मला डबडं म्हणतो, पण आई ऐकत नाही ना ते बघून. हेवा गेला का? छे. परवाच्या दसऱ्यालाही पहिला नारळ तिलाच फुटला, आणि तो मी विसरणार नाही.

तुम्हाला एक विनंती आहे. रस्त्यात पुढे एखादी जुनी लहान गाडी मधोमध, सावकाश चाललेली दिसली, तर लगेच हॉर्नवर हात ठेवू नका. आत कुणीतरी दहा महिन्यांनी बहिणीकडे निघालेलं असेल.

आणि जाताना दारातल्या त्या पांढरीकडे पुन्हा एकदा बघा. आतही डोकवा. बटणं आहेत, टीव्हीसारखा पडदा आहे, सीटवर अजून प्लास्टिक आहे. सगळं आहे. टिकली मात्र कुठेच सापडणार नाही.