कंट्रोल पेटीचं अखेरचं दर्शन

मनोऱ्यावरचा अँटेना पुन्हा आपोआप फिरला, आणि हॅम रेडिओ क्लबच्या अंगणातल्या सगळ्यांनी छातीवर क्रुसाची खूण केली. बटण कुणीच दाबलं नव्हतं. तरी तो ॲल्युमिनियमचा सांगाडा कुरकुरत वळला आणि नेहमीसारखा दक्षिणेच्या दफनभूमीकडे तोंड करून थांबला. मग खाली खोलीत, त्याला फिरवणाऱ्या कंट्रोल पेटीतून धूर निघाला. ही जळालेली तिसरी पेटी.

"आत्मा स्टेशनवर आलाय," मांत्रिक ताता एस्तोंग म्हणाला. त्यानं वितळलेलं मेण परातीतल्या पाण्यात सोडलं आणि थिजलेल्या आकारावर बोट ठेवलं. "ही बघा शेपटी. चाळीस मीटरच्या रेडिओ लहरींवरचा आहे. भूक भागली नाही अजून त्याची."

सगळे ज्यांना कुया, म्हणजे दादा, म्हणत ते क्लबप्रमुख निकानोर हयातभर समोरच्याचं ऐकू येवो न येवो, 'फाइव्ह नाइन, झकास', म्हणजे अगदी खणखणीत ऐकू येतंय, असंच सांगत आले होते. सवयीनं त्यांनी आत्म्यालाही तेच सांगितलं.

शाळेत विज्ञान शिकवणारी लुमिंग मागे उभी राहून जळफळत होती. पहिली पेटी गेली तेव्हा तातानं तिच्या जागी बसवलेल्या पेटीच्या झाकणावर रोज बिबिंका हा तांदळाचा केक, गुळाचा भात आणि सरबत ठेवायला सांगितलं होतं. तेही ताताच्या मेहुणीच्या टपरीवरचंच, कारण आत्म्याला दुसऱ्या हातचं पचत नाही म्हणे. दुसरी जळली, नैवेद्य दुप्पट झाला. जळक्या पेट्या मंत्र म्हणून पुरल्या जात, त्यामुळे उघडून बघायची सोयच नव्हती.

"आता मनोराच पाडा, आजच्या आज," ताता म्हणाला. लुमिंगला हे परवडणारं नव्हतं. मागच्या वादळात फोन बंद पडले, तेव्हा निकानोरनी हाच अँटेना समुद्रापलीकडच्या लेगास्पी बंदराकडे वळवून बोट मागवली होती. त्या बोटीमुळे तिची आई आज जिवंत होती. आणि समुद्रात नवं वादळ उठल्याची बातमी सकाळीच आली होती.

आधी जळकी पेटी पुरायची म्हणून ती बिस्किटांच्या डब्यात ठेवून, मेणबत्त्या लावून मिरवणूक निघाली. लुमिंग आडवी आली.

"ताता, या बेटावर आजवर कुणाला तोंड न बघता पुरलंय?"

"पेटीला कसलं आलंय तोंड?"

"मग पेटीला प्रार्थना कसली?"

"पोरीचं बरोबर आहे," निकानोरची बायको म्हणाली. "आमच्या सासूबाईंना दर्शनाला उघडं ठेवलंच होतं, आणि त्यांचं तोंड काही बघण्यासारखं नव्हतं."

लुमिंगनं स्क्रू काढले. आत काळ्या मुंग्यांचं वारूळच होतं, अंड्यांसकट. मध्येमध्ये बिबिंकाचे कण.

"बटण दाबलं की या दोन पट्ट्या जोडल्या जातात आणि मोटर फिरते. सरबतात भिजलेल्या मुंग्या मध्ये अडकल्या, म्हणजे बटण दाबल्यासारखंच झालं."

"पण दफनभूमीकडेच का?" कुणीतरी विचारलं.

"केबल पिळू नये म्हणून तिथं अडसर आहे. कुया, तुम्हीच बसवलाय. मोटर तिथं अडते, वीज चालूच राहते, पेटी जळते."

"पहिली जळली तेव्हा कुठं नैवेद्य होता?" ताता गुरकावला.

"तेव्हा झाकण गरम असतं म्हणून आम्ही त्यावर खाणं ठेवायचो," निकानोर खाली मान घालून म्हणाले.

"मुंग्या आत्म्यानंच धाडल्या."

"तुमच्या मेहुणीच्या टपरीवरून," लुमिंग म्हणाली.

लोक हसले. ताता परात उचलून चालता झाला.

शेवटची शिल्लक पेटी लुमिंगनं स्टुलावर ठेवली आणि स्टुलाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या. घरोघरी अन्नाच्या कपाटाला हेच करतात, पण रेडिओच्या खोलीत ते कुणाला सुचलं नव्हतं. अँटेना लेगास्पीकडे वळला आणि तिथंच राहिला. खरखरीतून आवाज आला: वादळ उद्या धडकणार, किनाऱ्यावरची माणसं... पुढचं विरून गेलं.

"फाइव्ह नाइन, झक..." निकानोर बोलता बोलता थांबले. त्यांनी लुमिंगकडे पाहिलं. "नीट ऐकू आलं नाही. किनाऱ्यावरच्या माणसांचं काय, पुन्हा सांगा."

संध्याकाळपर्यंत किनारा रिकामा झाला, लुमिंगची आई शाळेच्या वरच्या मजल्यावर पोचली. वादळानं टपरी उडवून नेली, माणूस एकही नाही.

तेव्हा वाचकहो, काही आपोआप फिरलं तर जरूर चकित व्हा. पण हात जोडण्याआधी झाकण उघडा, आणि जे कळलं नाही ते कळलं नाही म्हणा.