येतो म्हण

विष्णू मठात गेला तेव्हा त्याच्या अंगावर माझ्या नवऱ्याचं जॅकेट होतं. दोन दिवसांचा कोर्स आहे ताई, रविवारी संध्याकाळी परत, म्हणाला. ते २००९ साल. तो रविवार उजाडायला सात वर्षं लागली.

मी तापट आहे. हे माहेरी, सासरी आणि खालच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेकरला, सगळ्यांना ठाऊक आहे. पण भावावर मी सात वर्षं सलग चिडून होते. जर्मनीत, डार्मश्टाटला मास्टर्स करायला त्याला मीच बोलावून घेतलं होतं. साताऱ्याला आईला फोनवर म्हटलं होतं, पाठव गं, मी आहे ना. आणि हा पठ्ठ्या ओडेनवाल्डच्या जंगलात काठी फिरवत गोसावी होऊन बसला.

काष्ठमौनी म्हणतात त्यांना. मूळचे आपल्याकडचेच, घाटातले. एका जर्मन शिष्यानं जंगलातलं जुनं सॅनेटोरियम देऊन टाकलं आणि थोरले, म्हणजे त्यांचे मुख्य, तिथं येऊन राहिले. अकरा माणसं, त्यातली आठ जर्मन. फोन नाही, पाहुणा नाही. पहाटेपासून काठी. बोलणं जवळजवळ बंद, आणि जे काय बोलायचं ते मराठीत. उभा, वार, राख म्हणजे अडव, बस म्हणजे पुरे. इतकं कमी बोलतात की तोंडातून निघालेला शब्द त्यांना बांधतो. पाणी नको म्हणालं की त्या दिवशी पाणी नाही. मला ते खूळ वाटायचं. अजूनही वाटतं.

वर्षातून दोनदा मी त्यांच्या फाटकापर्यंत जायचे, डबा ठेवायचे आणि शिव्या घालून परत यायचे. आमच्या लेटरबॉक्सवरचं त्याचं नाव मात्र मी काढलं नाही. त्याची अनमेल्डुंग, म्हणजे सरकारी पत्तानोंदणी, आमच्याच पत्त्यावर होती. कागदोपत्री तो र्युसेल्सहाइमला आमच्या घरी राहत होता, आणि मी त्या कागदाला धरून बसले होते.

२०१६ च्या दसऱ्याआधीच्या रविवारी, दुपारी बेल वाजली. दारात विष्णू. डोक्याचा गोटा, हातात माणसाच्या उंचीची काठी, अंगावर तेच जॅकेट, कोपरावर ठिगळ लावलेलं.

"काठी बाहेर ठेव," मी म्हणाले. सात वर्षांनी भावाशी हे पहिलं वाक्य.

त्यानं ती बाहेर जिन्यात भिंतीला टेकवून ठेवली. मग मी त्याला धरून रडले. रमेश, माझा नवरा, पाणी घेऊन आला आणि ग्लास हातात धरून नुसता उभा राहिला.

वरणभात, बटाट्याची भाजी, लिंबाचं लोणचं. विष्णू मुकाट्यानं जेवला. अंगठ्याच्या मुळाशी गाठी आल्या होत्या त्याच्या.

"भावोजी, परवा पारख आहे," तो रमेशला म्हणाला. माझ्याकडे बघून बोलायची छाती नव्हती. "बारा वर्षांनी होते. थोरले जागा सोडतात. सगळ्यात जुने दोन शिष्य समोरासमोर उभे राहतात. काठीनं. जो उठत नाही, किंवा बस म्हणतो, तो हरला."

"दुसरा कोण?"

"श्रीधर. जर्मन आहे. नाव मठातलं."

"आणि जिंकलास तर?" मी विचारलं.

"तर मठ सोडता येत नाही. कधीच."

"हरलास तर?"

तो ताटाकडे बघत म्हणाला, "हरलेला मोकळा होतो. घरी जाऊ शकतो."

माझ्या मनात त्या क्षणी काय आलं ते सांगते, लाज वाटत नाही. देवा, माझा भाऊ हरू दे. आईला मी दिवाळीचा शब्द दिला होता, यंदा त्याला घेऊन येते म्हणून. दरवर्षीच द्यायचे, पण यंदा खरा होईल असं वाटलं. भाताची आणखी एक मूद मी त्याला आग्रह करकरून वाढली.

चार वाजता तो उठला. दहा वर्षांच्या माझ्या इराला मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्येच. तिनं विचारलं, "मामा, कोम्स्ट डू वीडर?" परत येणार का, म्हणून. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. 

मी त्याच्या तळहातावर दही घातलं, वर चिमूटभर साखर. आई घालायची तसंच. त्यानं ते चाटलं, हात धुतला, एक बूट घातला आणि म्हणाला, "जातो, ताई."

"जातो काय म्हणतोस? येतो म्हण."

तो दुसरा बूट हातात घेऊन थांबला. "राहू दे, ताई."

"राहू दे काय? गोसावी झालास म्हणून रीत सोडलीस? घरातनं निघताना कुणी जातो म्हणतं का?"

"आमच्यात त्याला..." इतकंच बोलला आणि बुटात पाय घातला. नंतर कळलं, कारण सांगायची त्यांना मनाई असते.

माझं टाळकं सरकलं. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. "म्हटल्याशिवाय दार उघडायची नाही. सात वर्षांपूर्वीसुद्धा परत येतो म्हणाला होतास, ते खोटं होतं. आता खरं म्हण."

रमेश म्हणाला, जाऊ दे ना त्याला. मी त्याच्यावरही डोळे वटारले.

विष्णूनं माझ्याकडे बघितलं. मग हसला. शाळेतला विष्णू हसायचा तसा, डाव्या गालात.

"येतो," तो म्हणाला.

"ये," मी म्हणाले, आणि दार उघडलं. जिंकल्यासारखं वाटत होतं मला.

मंगळवारी संध्याकाळी दोन पोलीस आले. अनमेल्डुंगवर आमचा पत्ता होता ना. कानशिलावर घाव. जागीच गेला होता तो. तपास चालू आहे, सरावातला अपघात दिसतो, असं त्यांनी सांगितलं. आईला फोन रमेशनं केला. मला जमलं नाही.

क्रेमाटोरियममध्ये आम्ही तिघं आणि तो एक उंच, गोरा माणूस, डोक्याचा गोटा. मी ओळखलं. मारायला धावले असते, पण तो आधीच खाली मान घालून हात जोडून उभा होता.

"मी श्रीधर," तो म्हणाला. एकेक मराठी शब्द हातानं उचलून ठेवावा तसा बोलत होता. "पारखेआधी आम्ही आपल्या माणसांकडे जातो. निघताना जातो म्हटलं, तर शरीर सोडलं. मग लढायचं. येतो म्हटलं, तर शरीर परत न्यायचं आहे. त्याला भीती असते. भीतीनं मारलेला वार खोटा. म्हणून त्यानं वार करायचा नाही. फक्त राखायचं."

रमेशनं माझा दंड धरला.

"कोणता शब्द दिला ते फक्त थोरल्यांना सांगतात. मला माहीत नव्हतं. तो माझ्यापेक्षा चांगला होता. मला वाटलं, तो थांबलाय, आता मारेल. म्हणून मी थांबलो नाही. शेवटी त्यानं तोंड उघडलं. कदाचित बस म्हणणार होता. माझी काठी निघाली होती."

"थोरल्यांना माहीत होतं?" रमेशनं विचारलं.

"जा. म्हणजे, हो." त्याचं जर्मन मध्येच निसटलं. "त्यांनी थांबवलं नाही."

मला काहीच विचारायचं नव्हतं. दाराला पाठ लावून कोण उभं होतं ते मला माहीत होतं. तो माझ्या हट्टासाठी म्हणाला की त्याला खरंच घरी यायचं होतं, हे मला आता कुणी सांगणार नाही.

श्रीधर म्हणाला, "एक राहिलं. शब्द अजून बांधलेला आहे. तो ज्यांना दिला त्यांनी सोडवायचा. तुम्ही त्याला जा म्हणायचं. फक्त एकदा. तर तो मोकळा."

मी पेटीजवळ गेले. विष्णूच्या छातीवर ते ठिगळाचं जॅकेट घडी करून ठेवलं होतं. जा, जा, जा, असं मी मनात घोकलं. जन्मात निघणाऱ्या माणसाला हा शब्द मी म्हटला नव्हता. आईनं म्हणू दिला नव्हता, मी कुणाला म्हणू दिला नव्हता. क्रेमाटोरियमच्या माणसानं झाकण लावायला हात पुढे केला. इरानं माझा पदर घट्ट धरला.

मी तोंड उघडलं.

"ये," म्हणाले.