बस आली, वाक्य राहिलं

"मागे घ्या, मास्तर. तो तोंड उघडतो तिथपर्यंत मागे घ्या."

मी रिमोटचं बटण दाबलं. पडद्यावरचं जळतं अंतराळयान उलटं विझत गेलं, धूर भिंतीत परत शिरला आणि कप्तान पुन्हा खुर्चीत येऊन बसला. चटईवरची मुलं खिदळली. रविवारी दुपारी ती माझ्याकडे वाचन आणि पाढे शिकायला येतात. आज पाढ्यांऐवजी टीव्ही मिळाला म्हणून खुशीत होती. मागे घ्या म्हणणाऱ्या नब्बोसाला मी खुर्ची दिली होती, पण ती पडद्याच्या अगदी जवळ, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन जमिनीवर बसली होती.

"जज्जा, तुमचं डोकं मध्ये येतंय," चटईवरची तेन्दो म्हणाली. आमच्या लुकायात प्रत्येक म्हातारं माणूस मुलांचं जज्जाच असतं, मग आजी असो की आजोबा.

"मग डोक्यातून बघ. म्हातारपणानं भोकं पडलीच आहेत," नब्बोसा म्हणाली.

नब्बोसाचं सगळं आयुष्य रस्त्याकडेला गेलं. मसाका शहराकडे जाणाऱ्या बसगाड्या लुकायाला थांबतात, आणि थांबायच्या आधीच निळे डगले घातलेले विक्रेते खिडक्यांकडे धावत सुटतात. कोणाच्या हातात काडीला लावलेली कोंबडी, कोणाच्या हातात भाजलेली केळी. नब्बोसाची केळी. आणि तिच्या चुलीच्या मागच्या पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये तिचा नवरा, लुबोवा. तो हॉलचा सांगणारा होता. पडद्यावरचं इंग्रजी बोलणं तो माइकवर आमच्या भाषेत सांगायचा, आणि सांगता सांगता अख्खं विश्व लुकायात आणून सोडायचा.

ही मालिका त्याची सगळ्यात गाजलेली. ताऱ्यांमधून भटकणारं एक यान आणि त्याचा कप्तान. लुबोवानं कप्तानाला ड्रायव्हर करून टाकलं होतं. यान एखाद्या ग्रहावर उतरायला लागलं की तो ओरडायचा, "लुकाया, लुकाया! उतरणारे पुढे या! कोंबडीवाल्यांना आत घेऊ नका, गेल्या खेपेला त्यांनी इंजिन विकून खाल्लं!" हिरव्या राक्षसांच्या सरदाराला त्यानं आमच्या सेत्तिंबा खाटकाचं नाव दिलं होतं. सेत्तिंबा रागावला नाही. उलट रोज दारात विचारायचा, "आज मी मरतोय का? मरत असेन तर दुकान उघडं ठेवून येतो."

घरी मात्र लुबोवा जवळजवळ मुका होता. घसा जपायचा. मध घातलेलं कोमट पाणी प्यायचा आणि मीठ हवं असलं तर बोट दाखवायचा. "गावाला पंगत वाढतो आणि माझ्या पानात खरवड," असं नब्बोसा चारचौघांत म्हणायची. तोही हसायचा. बोलायचा नाही.

मग तो भाग लागला. यानाला आग लागते, कप्तान सगळ्यांना छोट्या होड्यांतून पाठवून देतो आणि स्वतः मागे राहतो. काचेवर त्याच्या बायकोचा चेहरा उमटतो, आणि तो तिच्याशी शेवटचं बोलतो. शनिवारची संध्याकाळ होती, हॉल खच्चून भरलेला. नब्बोसा केळ्यांच्या काड्या हातात घेऊन दारावरच्या पडद्याच्या फटीतून बघत होती. कप्तानाच्या बायकोचं इंग्रजीत काहीतरी नाव होतं. लुबोवानं माइकवर मोठा श्वास घेतला आणि म्हणाला, "नब्बोसा..."

 हॉलभर शिट्ट्या.

आणि बस आली.

"मी विचार नाही केला, मास्तर," ती मला म्हणाली होती. "हॉर्न वाजला की पाय आधी निघतात. खिडकीपाशी पोचल्यावर कळलं, मी काय सोडून आले." केळी विकून ती धावत परत आली तेव्हा यान जळून गेलं होतं आणि माणसं डोळे पुसत बाहेर पडत होती. घरी तिनं विचारलं, "नब्बोसा, आणि पुढे काय?" लुबोवानं घशाकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाला, "परत लागेल तेव्हा ऐक."

परत लागला नाही. कॅसेट मसाकाच्या व्यापाऱ्याकडे गेली ती गेली. पुढे लोकांना फुटबॉल हवा झाला, हॉलमध्ये सामने लागू लागले. नब्बोसानं मग विचारणं सोडलं. लुबोवाला जाऊन आता चार वर्षं झाली. तो जे सांगायचा ते तिथल्या तिथे, ताजं. कोणी कधी ध्वनिमुद्रण केलं नाही.

त्याचे शेवटचे विधी झाले, वारस नेमला गेला, पाहुणे पांगले, आणि मग ती त्या संध्याकाळी हॉलमध्ये कोण कोण होतं ते शोधत फिरली. मी त्या काळी दूर मुकोनोच्या शाळेत होतो, त्यामुळे माझा उपयोग नव्हता. सेत्तिंबा म्हणाला, "मला स्पष्ट आठवतंय. नब्बोसा, माझी वाट बघू नकोस, जेवून घे." शिवणकाम करणारी नक्काझी शपथेवर म्हणाली, "काहीतरीच काय! तो म्हणाला, नब्बोसा, तुझी केळी जळतायत! हसून हसून आमची पोटं दुखली." सरोवरावरच्या एका मासेवाल्याच्या मते तो बोललाच नाही, गाणं म्हणाला.

"तीन माणसांना विचारलं आणि तीन नवरे मिळाले," नब्बोसा मला म्हणाली. "तुम्हाला इंग्रजी येतं. मूळ शोधा. मूळ कळलं की त्याचं कळेल."

माझ्या भाचीनं मसाकाच्या एका दुकानातून तो भाग पेनड्राइव्हवर भरून आणला. पण त्याआधी मी नब्बोसाला समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. यात लुबोवा नाही. तो जे बोलला ते या पडद्यात कुठेच नाही.

"विहिरीचं पाणी वेगळं आणि चहा वेगळा, हे मला कळतं, मास्तर. पण चहा त्याच पाण्याचा ना?"



म्हणून आज ती माझ्या टीव्हीसमोर होती. कप्तान काचेकडे वळला. मी एकेक वाक्य थांबवून सांगू लागलो. "तो म्हणतो, हा निरोप तुला मिळेल तेव्हा माझा तारा विझलेला असेल."

"पुढे?"

"पण त्याचा उजेड तुझ्या वाटेवर असेल. तेवढ्या उजेडात घरी जा."

नब्बोसानं मान हलवली. "हे त्याचं नाही."

"कशावरून?"

"त्याला तारे कुठले माहीत? त्याला बस माहीत होत्या. आणि घरी जा असं तो मला कसा म्हणेल? घरी तर मीच आधी पोचायचे. तोच हॉलमध्ये असायचा."

"जज्जा, पण हा कप्तान मरणार आहे," तेन्दो हळूच म्हणाली. "त्याला रडू येतंय, बघा ना."

"मरू दे गं त्याला. मला त्याच्याशी काय करायचंय?"

मी ते दृश्य पुन्हा लावलं. मुलांची चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी जांभई दिली. नब्बोसा पडद्याकडे बघत होती, पण कपाळावर आठी होती, गर्दीत हाक मारणाऱ्या माणसाला शोधताना असते तशी.

"मास्तर, याचा आवाज काढून टाका," ती एकदम म्हणाली. "हा गोरा मध्ये मध्ये बोलतोय."

मी आवाज बंद केला आणि तिसऱ्यांदा दृश्य सुरुवातीपासून लावलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी उरली. कप्तान काचेकडे वळला. त्यानं श्वास घेतला, त्याचे ओठ हलले. नब्बोसानं डोकं किंचित तिरकं केलं. थोड्या वेळानं ती हसली, तोंडावर पदरासारखं डगल्याचं टोक धरून, एखाद्या नव्या नवरीसारखी. तिला आठवत होतं, की सुचत होतं, की खरंच ऐकू येत होतं? तिच्याकडे बघून मुलंही शांत झाली. तिचे डोळे भरले.

कप्तानानं तोंड मिटलं. काचेवरचा चेहरा पुसला गेला आणि ज्वाळा आल्या.

"संपलं," तेन्दो म्हणाली आणि उठायला लागली.

लुबोवाची एक खोड होती. पडद्यावरच्या माणसाचं तोंड मिटलं तरी याचं वाक्य संपलेलं नसायचं. पुढचं दृश्य सुरू व्हायचं, घोडे धावायचे, पूल कोसळायचे, आणि हा मागच्या माणसाचं राहिलेलं बोलणं सावकाश पुरं करत असायचा.

नब्बोसानं मागे न बघता हात वर केला, तळवा आमच्याकडे.

"बस गं. त्याचं अजून चाललंय."

तेन्दो बसली. पडद्यावर यान आवाज न करता जळत होतं. मी रिमोट मांडीवर ठेवला.